बॉल पायथन की बोआ: रुसून बसणारा परवडेल की खा-खा करणारा?

"मामा, बॉल पायथन घेऊ की बोआ?" भाचा दोन महिने झाले हेच विचारतोय. दोन्ही सापांची लांबी, रंग, पिंजऱ्याचं माप सगळं त्यानं वहीत रकाने पाडून लिहिलंय. खाण्याच्या रकान्यात मात्र दोन्हीकडे एकच शब्द आहे: उंदीर. खरी मेख तिथेच आहे.

माझ्याकडे सात वर्षांपासून बॉल पायथनचा नर आहे, साडेतीन फूट, वजन 1300 ग्रॅम. जुळे सोलापुरातल्या मित्राकडे बोआची मादी आहे, साडेसहा फूट, सहा किलोच्या आसपास. मित्र कामासाठी बाहेरगावी गेला की ती माझ्या माळ्यावर मुक्कामाला येते. त्यामुळे दोघांची ताटं वाढायची सवय मला आहे.

आधी कायद्याचं उरकून टाकतो. आपला भारतीय अजगर वन्यजीव संरक्षण कायदा 1972 च्या पहिल्या अनुसूचीत आहे. तो पाळणं हा गुन्हा आहे. शेतात सापडणाऱ्या मांडुळालाही हात लावायचा नाही. तेही बोआच्याच गोतातलं आहे, आणि त्याच्या नावानं 'गुप्तधन' वगैरे सांगून किती लोक लुबाडले गेलेत ते वेगळं सांगायला नको. बॉल पायथन हा आफ्रिकेतला छोटा अजगर, बोआ मध्य आणि दक्षिण अमेरिकेतला. अशा परदेशी प्राण्यांसाठी 2022 च्या दुरुस्तीनं कायद्यात स्वतंत्र अनुसूची आली आणि 2024 मध्ये नोंदणीचे नियम आले. साप घरी आल्यापासून 30 दिवसांत केंद्र सरकारच्या 'परिवेश' पोर्टलवर नोंद करायची. विकणारा कागद द्यायला का-कू करत असेल तर तिथूनच परत फिरायचं.

आता ताटाकडे.

बॉल पायथन म्हणजे पंगतीत रुसून बसणारा जावई. पिल्लू असताना तसा त्रास नसतो. साठ-सत्तर ग्रॅमच्या पिल्लाला दर पाच ते सात दिवसांनी त्याच्या वजनाच्या दहा-पंधरा टक्के, म्हणजे सात-आठ ग्रॅमचं, नुकतेच केस आलेलं उंदराचं पिल्लू पुरतं. पाचशे ग्रॅमपर्यंत आठवड्याला एक, पुढे दहा-चौदा दिवसांनी एक, आणि किलोच्या वर गेला की दोन ते चार आठवड्यांनी वजनाच्या पाच टक्क्यांच्या आसपासचा एक उंदीर. कागदावर हे सोपं दिसतं. पण नोव्हेंबर लागला की माझा गडी तोंड फिरवतो. जानेवारीतली गड्ड्याची जत्रा येते आणि संपते, तरी याचं आपलं नाहीच.

पहिल्या वर्षी मी हवालदिल झालो होतो. रात्री साडेनऊला खोलीतला दिवा मालवला, गरम केलेला उंदीर चिमट्यात धरून त्याच्या घराच्या तोंडाशी नेला. डोकं बाहेर आलं, जीभ लवलवली, मान इंग्रजी 'एस'सारखी मागे ओढली गेली. झडप पडली, दोन विळखे पडले. मी सुटकेचा श्वास टाकतोय तोवर विळखे हळूच सैल झाले, उंदीर बाजूला पडला आणि महाशय आल्या वाटेनं आत. मित्र शेजारी उभा होता. म्हणाला, "काय बे, जेवण पानात वाढून उठवलं की यानं!" त्या हिवाळ्यात तो चार महिने जेवला नाही. वजन किती घटलं? चाळीस ग्रॅम.

नर विणीच्या हंगामात जेवण सोडतात आणि माद्या अंड्यांवर बसल्या की जेवत नाहीत. कात टाकायच्या आधी डोळे निळसर-दुधी झाले की पुष्कळ साप नको म्हणतात. कित्येक महिन्यांचा उपास हा या जातीचा स्वभावच आहे. घाबरायचं कधी? वजन दहा टक्क्यांहून जास्त उतरलं, तोंडातून फेस किंवा श्वासाचा शिट्टीसारखा आवाज आला, तर. त्यासाठी स्वयंपाकघरातला डिजिटल काटा पुरतो. (वेगळा घ्या. घरच्याच काट्यावर साप ठेवलेला आईनं पाहिला तर सापाआधी तुमचा उपास सुरू होईल.)

आणखी एक खोड म्हणजे ओळखीचाच घास लागतो. लहानपणापासून पांढऱ्या छोट्या उंदरावर वाढलेला बॉल पायथन मोठेपणी थोराड लॅब-उंदीर बघून न बघितल्यासारखं करतो. त्याच्या ओठांवर उष्णता टिपणाऱ्या खाचा असतात. फ्रीजमधून काढलेला उंदीर नुसता मऊ होऊन चालत नाही, अंग 38-40 अंशांपर्यंत गरम लागतं, नाहीतर त्याच्या लेखी ते जेवणच नाही. घेताना विकणाऱ्याला रंग विचारण्याआधी हे विचारा: काय खातो, मेलेलं खातो का, शेवटचं कधी खाल्लं? शक्य असेल तर आपल्यासमोर एकदा खाऊ घालायला सांगा.

बोआचं सगळं उलटं. मित्राच्या बोआनं जेवण नाकारलंय असं मी एकदाच पाहिलंय, तेही कात टाकायच्या आदल्या आठवड्यात. उंदराचा वास खोलीत शिरला की ती काचेशी येऊन उभी. ओठांवर अजगरासारख्या खाचा नसल्या तरी तिला गरम अंग कळतं, आणि त्या वेळी तुमचा हात आणि उंदीर यातला फरक ती फारसा करत नाही. म्हणून लांब चिमटा हवा, तो स्वस्तातला नको, आणि उंदीर हाताळून झाल्यावर साबणानं हात धुतल्याशिवाय काच सरकवायची नाही. अमेरिकेत 2012 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात मेलेल्या उंदरात खोटे ठोके बसवून बोआला दिले, तेव्हा ठोके चालू असेपर्यंत बोआ जास्त जोरात आणि जास्त वेळ आवळत राहिले. म्हणजे विळख्यातून त्यांना शिकारीचं काळीज कळतं. आम्ही मेलेला उंदीर दिल्यावर चिमट्यानं त्याची शेपटी जरा हलवतो ते म्हणूनच. तिलाही आपण शिकार केल्यासारखं वाटतं.

मग बोआ सोपा की! नाही, तिथेच फसगत होते. आपल्या सोलापुरात पाहुण्याला "पोट भरलं" म्हणून सुटका नसते. कडक भाकरी, शेंगाची चटणी, वर आणखी एक भाकरी, आणि तो नको म्हणाला तर आपल्याला अपमान वाटतो. या वळणाच्या माणसाच्या हाती कधीच नको न म्हणणारा प्राणी दिला की काय होईल? मित्रानं पहिली दोन वर्षं दर आठवड्याला भरवलं. ती झपाट्यानं वाढली, सगळे कौतुक करत होते. पुढे शेपटीच्या मुळाशी वळ्या दिसायला लागल्या, वळण घेतलं की खवल्यांमधली कातडी ताणून दिसायची, आणि पाठीचा आकार पावाच्या लादीसारखा गोल झाला. आम्ही तिला 250 किलोमीटर पुण्याला नेलं, सरपटणारे प्राणी पाहणाऱ्या पशुवैद्यांकडे. ते म्हणाले, ही चरबी आतल्या अवयवांवर बसते, यकृतावर बसते, आणि बाहेरून काही दिसायच्या आत साप जातो. बोआ वीस-तीस वर्षं जगू शकतो, तो आठ-दहा वर्षांत घालवायचा असेल तर दर आठवड्याला भरवा.

बोआचं पचन मुळात संथ असतं. पहिल्या वर्षी दहा ते चौदा दिवसांनी एक, गिळल्यावर पोटावर जेमतेम फुगवटा दिसेल एवढाच घास. दोन-तीन वर्षांचा झाला की तीन आठवड्यांनी. पूर्ण वाढ झाल्यावर चार ते सहा आठवड्यांनी एक मोठा उंदीर. मित्राच्या बोआला आता वर्षाला दहा उंदीर होतात, प्रत्येकी तीनशे ग्रॅमच्या आसपास, म्हणजे तीन किलो. माझा बॉल पायथन उपास धरून वर्षाला बारा उंदीर खातो, प्रत्येकी 65 ग्रॅम, म्हणजे पाऊण किलोच्या थोडं वर. पुढची वीस वर्षं फ्रीजरमध्ये किती जागा द्यायची ते यावरून ठरवा.

दोघांनाही इतक्या दिवसांची सुट्टी का चालते? हे साप दबा धरून बसणारे, शिकार कधी मिळेल याचा भरवसा नसलेले. दोन जेवणांच्या मधे त्यांचं आतडं जवळपास मिटून घेतं, आणि घास आला की सगळा कारखाना नव्यानं सुरू होतो. बर्मी अजगराचं हृदय मोठ्या जेवणानंतर दोन दिवसांत 40 टक्क्यांनी वाढतं असं मोजलं गेलंय. या कारखान्याला इंधन म्हणजे बाहेरची ऊब. ती नसेल तर आत गेलेला उंदीर पचण्याऐवजी सडतो आणि बाहेर येतो.

हे मी भोगलंय. तिसऱ्या वर्षीचा जानेवारी, माझा गडी कधी नव्हे तो हिवाळ्यात जेवायला तयार, मी हौसेनं त्याला भरवलं आणि त्याच रात्री वीज गेली. हीट मॅट बंद. आमच्याकडे थंडी म्हणजे काही काश्मीर नाही, पण पहाटे पंधरा-सोळा अंशांवर पारा येतोच. वर मी शहाणा, दुसऱ्या दिवशी आलेल्या पाहुण्यांना दाखवायला साप बाहेर काढला. संध्याकाळी टब उघडला तेव्हा जो वास आला तो तीन दिवस माळ्यावरून गेला नाही. साप ओकला की पुढचे दोन-तीन आठवडे काही द्यायचं नाही, मग नेहमीच्या निम्मा घास द्यायचा. बॉल पायथन यातून सावरतो. बोआला मात्र वारंवार ओकायची सवय लागली तर जिवावर बेतू शकतं, म्हणून त्याच्या बाबतीत जास्त कडक राहा. जेवण झाल्यावर दोन दिवस कुणालाही हात लावायचा नाही, बोआलाही नाही, जावयालाही नाही.

उन्हाळ्यात उलटी चिंता असते. पत्र्याच्या माळ्यावर 43 अंशांत साप ठेवला तर तो जेवण सोडेल आणि नंतर प्राणही सोडेल. उबदार कोपरा 31-33, थंड कोपरा 26 च्या आसपास, हे दोघांनाही चालतं. मे महिन्यात मी त्यांना खालच्या मजल्यावर, जुन्या दगडी भिंतीच्या खोलीत आणतो. हवा कोरडी असते म्हणून पाण्याचं भांडं मोठं, ओलं शेवाळ घातलेला एक डबा, आणि कूलर दाराबाहेर. बॉल पायथनला ओलावा कमी पडला की कात तुकड्या-तुकड्यानं निघते, मग पुन्हा तो जेवत नाही, आणि आपण उगाच उंदराला दोष देतो.

जिवंत उंदीर देऊ नका. कोपऱ्यात सापडलेला उंदीर चावतो. बॉल पायथनला भूक नसेल तर तो विळखा न घालता नुसता बसून राहतो, आणि उंदीर रात्रभरात त्याच्या पाठीचं मांस कुरतडतो. गोदामातले, गटारीतले धरलेले उंदीर तर अजिबात नको. त्यांच्या पोटात विषारी गोळ्या असतील की जंत, ते सांगता येत नाही. मेलेला गोठवलेला उंदीर आदल्या रात्री फ्रीजच्या खालच्या खणात उतरवायचा, मग पिशवीसकट गरम पाण्यात, मग पुसून कोरडा. मायक्रोवेव्हमध्ये नाही, तो फुटतो. वीज फार वेळ जाऊन फ्रीजरमधलं वितळलं असेल तर पुन्हा गोठवायच्या भानगडीत न पडता फेकून द्या. नागपंचमीला शेजारच्या काकू वाटीभर दूध घेऊन येतात, ते मी आदरानं घेतो आणि चहाला वापरतो.

भाच्याला मी बॉल पायथन सुचवलाय. कारण तो जेवला नाही तर निदान माणूस सावध होतो, काटा काढतो, वजन लिहितो, कुणाला तरी विचारतो. बोआ जेवत राहतो आणि आपण खूश राहतो. ज्याला कुणालाही आग्रह न करता महिनाभर बसता येतं आणि ज्याच्या घरात सहा-सात फुटी प्राणी उचलायला दुसरा माणूस आहे, त्यानं बोआ जरूर घ्यावा. स्वभावानं आमची मादी जास्त शांत आणि बघायला जास्त देखणी आहे, हे मला माझ्या सापासमोर बोलवत नाही.

माझ्या भिंतीवरच्या कालनिर्णयात दुधाच्या हिशोबाशेजारी सापाचे दिवस असतात. खाल्लं तर 'उं', नाही तर फुली. मागच्या वर्षीचं पान भाच्याला फोटो काढून पाठवलं, नोव्हेंबर ते फेब्रुवारी नुसत्या फुल्या. त्याचं उत्तर आलं नाही, ताईचा फोन आला. ती घरी कांदा-लसूणही मोजून वापरते. म्हणाली, "साप कुठला घ्यायचा ते तुम्ही मामा-भाचे बघा. तो दुसरा फ्रीज कुठे ठेवणार, ते आधी सांग मला."