मुंजीला पत्रावळ कुठली: चंदेरी की पोफळीची?

गुहागरच्या वैनीने विचारलं, दोनशे पानांच्या मुंजीला चंदेरी कागदी ताटं घेऊ की पोफळीच्या विरीची, म्हणजे सुपारीच्या झावळीच्या रुंद देठाची? थर्माकोल 2018 च्या राज्यबंदीपासून बादच.

पैशात चंदेरी जिंकते, विरीचं ताट तिच्या तिप्पट-चौपट. पण आमटीभात वाढला की चंदेरी ताट मधोमध वाकतं, मग माणूस एका हाताने ताट धरून दुसऱ्याने जेवतो. विरी ताठ राहते. तिच्यात डिंक नाही की लेप नाही. गळून पडलेली विरी धुवायची आणि गरम साच्यात दाबायची. दोष एकच: पावसाळ्यात ओलीत ठेवलीत तर बुरशी धरते.

खरा फरक जेवणं उठल्यावर. चंदेरी ताट कागदाचं म्हणून विकतात, पण वर प्लॅस्टिकचा पातळ पापुद्रा असतो. कागद आणि पापुद्रा वेगळे करणं परवडत नाही, त्यात वरण लागलेलं. भंगारवाला पाण्याच्या बाटल्या नेतो, या ताटांना हात लावत नाही. मागच्या वर्षी आमच्याकडे ती परसात जाळली. माडाखाली अजून काळे गोळे सापडतात. विरीची ताटं आळ्यात टाकून वर पातेरा ओढला, की झाडालाच खत.

घरचं परस असेल आणि कार्य उन्हाळ्यात, तर विरीच घे वैनी. हॉलमध्ये पाचशे पान असेल तर दोन्ही नकोत, भाड्याची स्टीलची ताटं आणि भांडी घासायला दोन बायका. चंदेरी मी फक्त प्रसादाच्या सुक्या खिरापतीला घेईन, तीही नाइलाजाने.