ओशीन की किलियन?

मुलाचे नाव ठेवताना या दोहोंपैकी कोणते निवडावे? ओशीन (Oisín) आणि किलियन (Cillian) ही दोन्ही मुलांची नावे आज आयर्लंडमध्ये सर्रास ऐकू येतात, परंतु त्यांचा वारसा अगदी वेगळा आहे. ओशीन हा पुराणकथांतील योद्धा-कवी. त्याच्या आईला शापाने हरिणी व्हावे लागले होते आणि तो स्वतः प्रेयसी नीव्हबरोबर चिरतारुण्याच्या देशात गेला, जिथली ३ वर्षे मर्त्यलोकातील ३०० ठरली आणि परतल्यावर घोड्यावरून जमिनीवर पडताच तो जराजर्जर झाला. (शेवट करुण आहे, हे मान्य.) किलियनमागे इतिहास आहे: या नावाचा आयरिश धर्मप्रचारक सातव्या शतकात जर्मनीतील वुर्झबर्ग येथे मारला गेला आणि तिथे तो आजही संत म्हणून पूजनीय आहे.

व्यवहारात किलियन सोपे. अभिनेता किलियन मर्फी यांना २०२४ मध्ये ऑस्कर मिळाल्याने ते परदेशातही परिचित आहे, जरी आरंभीचे ‘सी’ अक्षर पाहून काही जण ‘सिलियन’ म्हणतात. ओशीनच्या स्पेलिंगमध्ये मात्र ‘एच’ नसल्याने अनोळखी वाचक हमखास ‘ओइसिन’ वाचतो. कुटुंब आयर्लंडमध्येच राहणार असेल, तर मी निःसंकोचपणे ओशीन सुचवेन. परदेशी जाण्याचा विचार असल्यास किलियन.