केमोसोबत योग, आलं आणि मनगटाचा पट्टा : अकरा महिन्यांच्या वापरानंतर

सगळ्यात आधी गुळवेलीचं सांगते, कारण आमची चूक तिथेच झाली.

सासूबाईंना मी आत्या म्हणते. वय ६१, गाव गेवराई तालुक्यात. डाव्या स्तनाचं ऑपरेशन झालं, काखेतल्या गाठी काढल्या आणि छत्रपती संभाजीनगरला केमो सुरू झाला. तिसऱ्या केमोच्या आधी रक्त तपासलं तर एसजीपीटी, म्हणजे यकृताला इजा होतेय का ते सांगणारा आकडा, चांगलाच वाढलेला. डॉक्टरांनी फाईल बाजूला ठेवून विचारलं, "घरी आणखी काय घेता?" आत्या माझ्याकडे बघायला लागल्या, मी खाली. नणंदेच्या सासरहून गुळवेल आली होती. महिनाभर रोज सकाळी पेलाभर काढा. "झाडपाल्यानं काय व्हतंय, म्हणून नाही सांगितलं," आत्या म्हणाल्या. केमो पंधरा दिवस पुढे गेला. काढा बंद केला तसे आकडे उतरले. मुंबईच्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये गुळवेल घेतलेल्या ६ रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याचं प्रसिद्ध केलं होतं. आयुष मंत्रालयाने त्याला हरकत घेतली, तो वाद वेगळा. पण केमोच्या कितीतरी औषधांचा भार यकृतावरच असतो. त्यात आपण वरून आणखी काय ओततोय हे डॉक्टरांना माहीत असायलाच हवं.

मला स्वतःचा राग आला, तसा दवाखान्याचाही आला. हा प्रश्न पहिल्याच दिवशी, केस पेपर काढतानाच विचारायला हवा होता. कॅन्सर निघाला आणि पाहुण्यारावळ्यांनी काही पाला, पावडर, अर्क आणून दिला नाही, असं घर आमच्या भागात तरी मी पाहिलेलं नाही. लोक मायेनेच आणतात. म्हणून तर नाही म्हणवत नाही.

त्या दिवशी परत येताना शंभर पानी वही घेतली. आत्यांच्या पोटात जाणारी प्रत्येक गोष्ट त्यात लिहायची आणि दर वेळी डॉक्टरांपुढे ठेवायची. पहिल्याच भेटीत लक्ष्मणफळाच्या पानांचा चहा, गोमूत्र अर्क आणि हळदीच्या कॅप्सूल यांवर काट मारली गेली. वरणातली हळद चालेल, म्हणाले. गव्हांकुरांचा कच्चा रसही बंद, कारण पांढऱ्या पेशी कमी असताना कच्च्या रसातून जंतुसंसर्गाची भीती. गावातल्या वैद्यांकडेही गेलो होतो. त्यांनी नाडी बघितली आणि स्पष्ट सांगितलं, "केमो चालू आहे तोवर मी पोटात काही देणार नाही. झाल्यावर या, तेही तुमच्या डॉक्टरांना विचारून." असा वैद्य भेटणं हे आमचं नशीब.

आता ज्याचा उपयोग झाला ते.

आलं. ५७६ रुग्णांवरच्या एका मोठ्या अमेरिकन चाचणीत मळमळीच्या गोळ्यांच्या जोडीला रोज अर्धा ते एक ग्रॅम आलं दिल्यावर पहिल्या दिवसाची मळमळ कमी झाली होती. त्यात कॅप्सूल होत्या. आम्ही डॉक्टरांना विचारून चिमूटभर सुंठ कोमट पाण्यात द्यायचो, केमोच्या तीन दिवस आधीपासून. लिहून दिलेली गोळी मात्र एकदाही चुकवली नाही. मळमळीसाठीच मनगटाचा लवचिक पट्टाही घेतला. मनगटाच्या आतल्या घडीपासून कोपराच्या दिशेने स्वतःची तीन बोटं सोडून, दोन ताठ कंडरांच्या मधोमध त्याची गुंडी दाबून बसते. काखेतल्या गाठी काढल्यामुळे डाव्या हाताला काहीही आवळायची बंदी, म्हणून फक्त उजव्या, तोही सलाईन निघाल्यावर. पहिल्या दोन केमोंनंतर परतीच्या एसटीत वाटेतलं आडूळ गेलं की उलटी ठरलेली, पिशवी हातातच लागायची. तिसऱ्यापासून पाचोडची मोसंबीची दुकानं आणि शहागडचा पूल डोळे उघडे ठेवून पार पडू लागले. यातलं किती गोळीचं, किती पट्ट्याचं, ते आत्यांनाही सांगता येत नाही. पण पट्टा त्या स्वतःहून मागायच्या.

तोंड आलं तेव्हा मीठ आणि खायचा सोडा, पाव-पाव चमचा पेलाभर कोमट पाण्यात, दिवसातून चार-पाच गुळण्या. ठेचा बंद, भाकरी दुधात कुस्करून.

योगाबद्दल मात्र जरा जास्त लिहावंसं वाटतं. कारण केमोचा थकवा झोपून जात नाही, हे मला आधी माहीत नव्हतं. आत्या दिवसभर पडून असायच्या आणि तरी "अंगात जीवच नाही गं बाई" म्हणायच्या. फिजिओथेरपीच्या मॅडमनी भिंतीवर बोटांनी चढत हात वर न्यायचा व्यायाम शिकवला, खुर्चीत बसून करायची चार आसनं आणि सावकाश अनुलोम-विलोम. कपालभाती नाही. सुरुवात पाच मिनिटांपासून. पहिले दोन आठवडे मला चिडून बोलल्या. तिसऱ्या आठवड्यात एक दिवस मी उठायच्या आधीच ओसरीवर खुर्ची लागलेली होती. मुंबईच्या टाटा मेमोरियलने स्तनाच्या कॅन्सरच्या शेकडो बायकांवर योगाची रीतसर चाचणी घेतली आहे. तशी आमच्या दवाखान्यांतही केमो वॉर्डाशेजारी एक खोली का असू नये? सतरंजी आणि शिकवणारं एक माणूस, एवढंच तर लागतं. महात्मा फुले योजनेत केमो बसला, याचं काहीच बसत नाही. मॅडमनी शिकवलं ते स्वतःचा जेवणाचा वेळ देऊन.

पुढे पॅक्लिटॅक्सेल या केमोच्या दुसऱ्या औषधाचे दर आठवड्याला एक असे बारा डोस सुरू झाले तेव्हा बोटांना मुंग्या आल्या. एकदा भाकरी उलटताना आत्यांचं बोट तव्याला टेकलं आणि त्यांना कळलंच नाही. करपल्याचा वास आला म्हणून मी हात ओढला. बोटावर पांढरा चट्टा होता आणि त्या शांतपणे दुसरी भाकरी थापायला घेत होत्या. ब्लाऊजचे हूकही लागेनात. सिस्टरांनी सुचवलं म्हणून पुढच्या डोसपासून टॉवेलात बर्फाच्या पिशव्या गुंडाळून औषध चालू असताना हात त्यावर ठेवायला लागलो. मुंग्या गेल्या नाहीत, पण आणखी वर चढल्याही नाहीत. चिमट्याशिवाय तव्याला हात लावायचा नाही, हा नियम अजून आहे.

शेजारच्या कॉटवरच्या एक बाई दोन केमो घेऊन थांबल्या. कुणीतरी पावडर दिली होती, केमोऐवजी. पाच महिन्यांनी परत दिसल्या तेव्हा मी ओळखलं नाही. अमेरिकेतल्या येल विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१८ मध्ये दाखवलं की कॅन्सर शरीरभर पसरलेला नसताना उपचार सोडून फक्त पर्यायी औषधांवर राहणाऱ्यांत मृत्यूचा धोका अडीच पट होता. पूरक म्हणजे जोडीला, पर्यायी म्हणजे बदल्यात. सुंठ जोडीला होती, ती पावडर बदल्यात होती.

रेडिएशन संपलं, आता लेट्रोझोलची, म्हणजे कॅन्सर परत येऊ नये म्हणून द्यायची हार्मोनवरची, गोळी चालू आहे. सकाळी गुडघे आणि बोटांचे सांधे आखडतात. या सांधेदुखीवर ॲक्युपंक्चरने आराम पडतो असं चाचण्यांत दिसलंय आणि डॉक्टरांनीही हरकत घेतली नाही, पण त्यासाठी आठवड्यातून दोनदा गेवराईहून संभाजीनगर गाठणं आम्हाला जमलेलं नाही. सध्या रोज संध्याकाळी मारुतीच्या देवळापर्यंत चालत जाऊन येतो. परवा वहीत आत्यांनी स्वतः लिहिलं : "चालले, गुडगा कमी."