लाल वीट की एएसी ब्लॉक? मुंबईच्या फ्लॅटमध्ये भिंत घालण्यापूर्वी

मुंबईतील बहुमजली इमारतीचा भार आरसीसीचे (सळ्या घातलेल्या काँक्रीटचे) खांब, तुळया आणि स्लॅब पेलतात. आतली भिंत खोल्या वेगळ्या करते आणि आपले वजन मात्र त्याच सांगाड्यावर टाकते. म्हणून फ्लॅटमध्ये नवी भिंत घालताना पहिला प्रश्न मजबुतीचा नसून वजनाचा असतो. तीन मीटर उंच आणि 100 मिलिमीटर जाड अशा भिंतीचा एक रनिंग मीटर लाल विटांत बांधला, तर गिलाव्याआधीच त्याचे वजन सुमारे 570 किलो भरते. तीच भिंत एएसी ब्लॉकची, म्हणजे दाबाच्या वाफेत पक्क्या केलेल्या हलक्या, सच्छिद्र काँक्रीटच्या ठोकळ्यांची असेल, तर ते 200 किलोच्या आसपास राहते. मूळ आराखड्यात जिथे भिंतच नव्हती अशा जुन्या स्लॅबवर हा फरक निर्णायक ठरतो आणि तिथे मी एएसीच सुचवीन. स्ट्रक्चरल इंजिनिअरचा होकार मात्र दोन्ही बाबतींत हवा. सिमेंटचे भरीव ब्लॉक विटेहूनही जड असल्याने ते कंपाउंडच्या भिंतीसाठी ठेवावेत.

कामाच्या वेगात एएसी उघडपणे पुढे आहे. 600 बाय 200 बाय 100 मिलिमीटरचा एक ब्लॉक सांध्यांसह मोजलेल्या सहा मॉड्युलर (प्रमाणित मापाच्या) विटांची जागा घेतो. विटांच्या एक घनमीटर बांधकामात मालाचा (सिमेंट-वाळूच्या मिश्रणाचा) वाटा जवळपास चौथा हिस्सा असतो, तर एएसीत तयार चिकट मसाल्याचा सांधा अवघा दोन-तीन मिलिमीटरचा पुरतो. पण हा फायदा गवंड्याच्या हातावर अवलंबून आहे. विटांची सवय असलेला गवंडी ब्लॉकही नेहमीच्या वाळू-सिमेंटच्या जाड थरावर बसवतो, वर विटेसारखे पाण्यात बुडवून घेतो. ब्लॉक नंतर वाळताना आकसतो आणि सांध्यांवर व कॉलमलगत केसासारख्या भेगा उमटतात. ब्लॉकवर पाण्याचा हलका शिडकावा पुरे, आणि गिलाव्यापूर्वी कॉलमच्या जोडावर जाळी मारलेली असावी.

वीट याच्या उलट वागते. कोरडी वीट मालातले पाणी शोषून घेते आणि सिमेंट कच्चे राहते, म्हणून ती आधी भिजवावीच लागते. प्रत्येक थरात सांधमोड हवी (उभे सांधे एकावर एक येऊ नयेत), भिंत सरळ उभी आहे का हे पाहणारा ओळंबा दर दोन-तीन थरांनी लावायला हवा, चार इंची भिंतीला साधारण दर मीटर उंचीवर काँक्रीटची पाटली (आडवा पट्टा) द्यायला हवी आणि नंतर किमान सात दिवस पाणी मारायला हवे. हे सगळे राहत्या घरात, शेजाऱ्यांच्या तक्रारी सांभाळत करायचे असते. विटेचा दर्जा मात्र जागेवरच पाहता येतो: दोन विटा एकमेकींवर आपटल्यावर खणखणीत आवाज यावा आणि नखाने ओरखडा उठू नये. मुंबईत येणारी बरीच वीट भिवंडी-वाडा पट्ट्यातल्या भट्ट्यांची असते आणि भट्ट्या पावसाळ्यात थंडावतात, तेव्हा खरेदी त्याआधी झालेली बरी.

बाथरूमसाठी माझे मत विटेच्या बाजूने आहे. एएसीत पाइपसाठी खाच सहज पडते, हे खरे. पण भरलेल्या गीझरचे वजन साध्या प्लगवर टिकत नाही, त्यासाठी खास फास्टनर लागतात, आणि ते नेमके कोणते हे दुकानदारालाही अनेकदा ठाऊक नसते. ओल दोघांनाही सोसत नाही. मानकानुसार साधी वीट वजनाच्या 20 टक्क्यांपर्यंत पाणी पिऊ शकते आणि एएसीही सच्छिद्रच असतो, त्यामुळे पावसाळी वाऱ्याच्या तोंडावरच्या बाहेरील भिंतीचा बचाव दोन थरांच्या जलरोधक गिलाव्यानेच होतो.

जुन्या चाळीत किंवा भिंतींवरच उभ्या असलेल्या इमारतीत ही तुलना लागू होत नाही. तिथली नऊ किंवा चौदा इंची भिंत वरच्या मजल्यांचा भार वाहते. ती काढून तिच्या जागी हलका ब्लॉक घालता येत नाही, आणि तिची दुरुस्ती करायची झाल्यास ती विटेनेच, जुन्या थरांत नवे थर गुंतवून, टेकू लावल्यावरच करावी.