पुणे ते गोवा सायकलवर : देशावरून की किनाऱ्यानं?

दिवाळी झाली, परतीचा पाऊस एकदाचा गेला, की आमच्या गटात गोव्याच्या गोष्टी सुरू होतात. रस्ते मुख्यतः दोन. एक देशावरून: सातारा, कराड, कोल्हापूर, संकेश्वर, मग गडहिंग्लज-आजऱ्यावरून आंबोली उतरून सावंतवाडी. दुसरा ताम्हिणी उतरून श्रीवर्धन-हरिहरेश्वर गाठायचा आणि तिथून समुद्र उजव्या हाताला ठेवत तेरेखोलपर्यंत खाली जायचा. दोन्हीकडून मी गटाबरोबर गेलोय. सायकल कोणती, गिअर किती, किती पाणी प्यायचं हे तुम्हाला माहीत असेलच. अडतं ते रस्ता ठरवताना.

देशावरचा रस्ता सोपा आहे, यात वाद नाही. अंतर साडेचारशे किलोमीटरच्या आसपास. कात्रज आणि खंबाटकी सोडले तर कोल्हापूरपर्यंत नाव घेण्यासारखा घाट नाही. ट्यूब संपल्या, चेन तुटली, कुणाचं पोट बिघडलं, तरी मदत हाकेच्या अंतरावर. पंधरा माणसं अचानक दारात उभी राहिली तरी कोल्हापुरात मिसळ कमी पडत नाही. निपाणीपुढचा तवंदी घाट झाला आणि संकेश्वरला महामार्ग सोडला, की पुढचा टप्पा अतिशय देखणा. आजऱ्याच्या बाजूला घनसाळ भाताची कापणी चालू असते. सकाळी लवकर निघालात तर ओल्या पेंढ्याचा आणि त्या तांदळाचा वास रस्त्यावर येतो. आंबोलीत पहाटे चांगलीच थंडी असते आणि तिथून सावंतवाडीपर्यंतचा तीसेक किलोमीटरचा रस्ता बराचसा उतारच. इतक्या लांबच्या प्रवासानंतर असा उतार मिळणं हे सुखच आहे.

पण तिथवर पोचायला महामार्गावर जे दिवस काढावे लागतात, त्यात एक गोष्ट मला सहन झाली नाही. ट्रकचा आवाज नव्हे, धूळही नव्हे. उड्डाणपूल.

एकट्यानं जाणाऱ्याला हे कळणार नाही. मोठं गाव आलं की रस्ता दुभंगतो: सरळ गेलात तर पुलावर, डावीकडे वळलात तर सेवा रस्त्यावर. पुढचे चौघे वेगात असतात, ते वरून जातात. मागच्यांना वर कडेची जागा अरुंद दिसते, ते खालून. खाली उभे ट्रक, उलट दिशेनं येणाऱ्या दुचाकी, भाजीच्या हातगाड्या, मधेच उखडलेला पट्टा. खालच्यांना वेळ लागतो. त्यातल्या एकाला चहाची टपरी दिसते, तो थांबतो. वरचे पूल उतरून उन्हात उभे. मग फोन. "कुठे आहात?" "पुलाखाली." "कुठल्या पुलाखाली?" मागचे पुढे निघून गेलेत असं समजून कुणीतरी जोरात पेडल मारतं, आणि जो खरंच मागे आहे तो एकटा पडतो. असं दिवसभर, गावागणिक. संध्याकाळी मुक्कामी सगळे भेटतात ते दमल्यामुळे कमी आणि एकमेकांवर चिडल्यामुळे जास्त गप्प असतात. एका खेपेला आमच्यातली सगळ्यात नवखी मुलगी दुपारभर एकटी चालवत राहिली. प्रत्येकाला वाटत होतं, ती दुसऱ्या तुकडीत आहे. ती सुखरूप पोचली. पण गटानं जायचं कशाला, हा प्रश्न मला त्या रात्री पडला तो अजून सुटलेला नाही.

उसाचंही सांगायला हवं. गाळप हंगाम साधारण याच दिवसांत सुरू होतो. कराडच्या पुढे दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर लागतात, आणि अंधार पडल्यावर त्यांना मागे दिवा असेलच असं नाही. त्या पट्ट्यात दिवेलागणीच्या आत मुक्काम गाठलेला बरा.

किनारा सोपा नाही, हेही तितकंच स्पष्ट सांगतो. अंतर साडेपाचशेच्या पुढे जातं. शिवाय नकाशावर समुद्रालगत दिसणारा रस्ता प्रत्यक्षात दर थोड्या वेळानं खाडीत उतरतो आणि परत सड्यावर, म्हणजे वरच्या कातळी पठारावर, चढतो. चढ लांब नसतात, पण उभे असतात, आणि दिवसात किती येतील याची गणती नाही. केळशी, आंजर्ले, हर्णे, दापोली या भागात भल्याभल्यांनी सायकल हातात धरून नेलेली मी पाहिली आहे. दुपारी सड्यावर सावली मिळत नाही. जांभा तापतो, पिवळं पडलेलं गवत दूरवर पसरलेलं असतं, आणि हवेत दमटपणा असतोच. सकाळी मतलई वारा असतो तोवर अंतर कापून घ्यावं. दुपारनंतर खारा वारा सुटतो, आणि दक्षिणेकडे जाणाऱ्यांना तो माझ्या अनुभवात बहुतेक वेळा पाठीशी लाभला.

जेवणाचंही तिथे नियोजन लागतं. रस्त्याला ढाबे नाहीत. घरगुती खानावळीत सकाळी फोन करून माणसं किती, शाकाहारी किती हे सांगावं लागतं, नाहीतर पंधरा ताटं कुठून येणार? सांगितलंत तर मात्र घावणे, उसळ, सोलकढी, ताजे बांगडे असं जेवण मिळतं, की दुपारचं निघणं कठीण होतं. पंक्चरवाला भेटला तरी आपल्या मापाची ट्यूब त्याच्याकडे नसते. ट्यूब, ब्रेक पॅड, एखादी जादा चेन लिंक पुण्याहूनच न्यावी.

आता खाड्या. बागमांडल्याहून वेशवीला, दाभोळहून धोपाव्याला, तवसाळहून जयगडला, आणि शेवटी तेरेखोलहून केरीला फेरीबोट. कागदावर हा वेळेचा अपव्यय वाटतो, कारण बोट चुकली की पुढचीची वाट बघत बसायचं. मला मात्र हीच या रस्त्याची सगळ्यात मोठी सोय वाटते. चढावर गट कितीही पांगू दे, धक्क्यावर सगळ्यांना थांबावंच लागतं. जोरात चालवणारे आधी पोचतात, पाय लांब करून बसतात. मागचे येईपर्यंत कुणी चेनला तेल घालतं, कुणी कठड्याला टेकवलेल्या सायकलींचे टायर दाबून बघतं. शेवटचा माणूस आला की मोजणी होते आणि मगच सगळे बोटीत चढतात. पलीकडे धोपाव्याला उतरलं की लगेच चढ आहे, पण तो सगळे एकत्र सुरू करतात. "थांबा" असं कुणाला सांगावं लागत नाही आणि मागे राहणाऱ्यालाही ओशाळं वाटत नाही. सागरी महामार्गाच्या कामात यांतल्या काही खाड्यांवर पूल होणार आहेत. गावकऱ्यांची त्यानं मोठी सोय होईल आणि ती व्हायलाच हवी. सायकलनं जायचं असेल तर मात्र त्याआधी जाऊन यावं, असं मला मनापासून वाटतं.

तारखांना थोडी लवचिकता असेल तर त्रिपुरी पौर्णिमेनंतर निघा. सिंधुदुर्गात तेव्हा जत्रा सुरू झालेल्या असतात आणि मालवण-वेंगुर्ल्याच्या आसपास एखाद्या गावात रात्री दशावतार बघायला मिळतो. दुसऱ्या दिवशीचा टप्पा मग छोटा ठेवावा.

सुट्टी मोजकी असेल, गटात पहिल्यांदाच लांब जाणारे बरेच असतील, किंवा कुणाच्या गुडघ्याची तक्रार असेल, तर देशावरूनच जा. त्यात कमीपणा काही नाही आणि आजरा-आंबोलीचा टप्पा सगळं भरून काढतो. फक्त निघण्याआधीच ठरवा, की प्रत्येक पूल सगळ्यांनी खालूनच घ्यायचा, आणि पूल संपतो तिथे शेवटचा येईपर्यंत कुणी हलायचं नाही. वेळ जाईल, पण गट तुटणार नाही. दोन दिवस जास्त काढता येत असतील आणि चढावर उतरून चालायची कुणाला लाज वाटत नसेल, तर माझं मत किनाऱ्याला. सुरुवात बागमांडल्याच्या पहिल्या बोटीची वेळ विचारण्यापासून करा. मुक्काम त्यानुसार ठरतात.