सरकती पट्टी की साध्या ओळी?

जळगाव, धुळे, नंदुरबार मिळून 25 तालुके, प्रत्येकाची एक सीएसव्ही (नोंदींची साधी फाईल) आणि त्यांच्यावर रात्रभर चालणारी पायथॉन स्क्रिप्ट. काम कुठवर आलं हे दाखवायला टीक्यूडीएम या पायथॉन लायब्ररीची सरकती पट्टी आहे, स्वतः लिहिलेला बॅकस्लॅश आर (त्याच ओळीवर पुन्हा छापायला लावणारी खूण) आहे, नाहीतर ठरावीक वेळाने छापलेली साधी ओळ.

टीक्यूडीएममध्ये लूपला एक शब्द गुंडाळला की टक्के, वेग, उरलेला वेळ सगळं फुकट. जनरेटर (एकेक नोंद देणारा, पण एकूण किती ते न सांगणारा) दिला तर टोटल हाताने द्या, नाहीतर नुसता आकडा पळतो. मधे प्रिंट केलं की पट्टी तुटते. तिथे त्याचंच राईट वापरायचं. शिवाय फायली मोजू नका, नोंदी मोजा. केळीच्या नोंदी असतील तर थोड्या नोंदींचा अक्राणी झटक्यात उरकतो आणि पट्टी ढीगभर नोंदींच्या रावेरला जाऊन बसते.

बॅकस्लॅश आर कर्सरला ओळीच्या सुरुवातीला नेतो, आधीचं पुसत नाही. ‘अक्कलकुवा’वर ‘यावल’ छापलं की शेपूट उरतं. रिकाम्या जागा भरून ते झाकायला गेलात तर देवनागरी फसवते: पायथॉनची लांबी मात्रा आणि हलन्तही मोजते, टर्मिनलचे रकाने वेगळे. त्यापेक्षा एस्केप, उघडणारा चौकोनी कंस आणि मोठा के पाठवा. ओळीचा उरलेला भाग पुसला जातो. फ्लश (साठलेलं लगेच बाहेर ढकलणं) विसरू नका.

समोर बसून पाहायचं असेल तर हे दोन्ही चालतात. माझं घोडं अडलं ते लॉगपाशी, म्हणजे रात्रीचं आउटपुट साठवणाऱ्या फाईलपाशी. टीक्यूडीएम स्टँडर्ड एररवर (चुकांच्या संदेशांच्या वेगळ्या वाटेवर) लिहितो. क्रॉनमध्ये (ठरल्या वेळी स्क्रिप्ट चालवणारी सोय) सहसा तेही लॉगकडे वळवलेलं असतं. पट्टी सेकंदाला 10 वेळा बदलू शकते, म्हणजे आठ तासांत 2,88,000 पर्यंत. आणि त्यात नवी ओळ एकही नाही! फाईलचा शेवट दाखवणाऱ्या टेलला शेवटची एक ओळ मागा, अख्खी पट्टीच अंगावर येते. ग्रेपने ‘रावेर’ शोधा, तेच. टीक्यूडीएमच्या डिसेबलला नन (None) दिलं तर टर्मिनल नसताना पट्टी गप्प होते खरी, पण मग लॉगमध्ये सकाळी वाचायला काहीच उरत नाही.

साधी ओळ दिसायला गावठीच. दर 30 सेकंदांनी वेळ, तालुका, झालेल्या नोंदी आणि शेवटचा नोंद क्रमांक, एवढंच. दर हजार नोंदींनी छापाल तर कधी ओळींचा पूर, कधी दुष्काळ. म्हणून घड्याळ धरा, तेही मोनोटॉनिक (कधी मागे न जाणारं). क्रमांक मात्र डेटाबेसमध्ये कमिट (कायमचं जतन) झाल्यावरच छापा. रात्री लाईट गेली तर पुढे कुठून सुरू करायचं ते त्या ओळीत असतं, पट्टीत नसतं.

इथेही फ्लश लागतोच: फाईलकडे वळवलेलं आउटपुट बरंच साठल्याशिवाय बाहेर पडत नाही. पायथॉन वजा यू लावून चालवलं तरी भागतं. वीज अचानक गेली तर फ्लश करूनही शेवटच्या काही ओळी डिस्कवर पोचलेल्या नसतात, तेव्हा त्या नोंदी पुन्हा आल्या तरी दुबार पडणार नाहीत अशी युनिक की टेबलावर ठेवा.