‘प्रिटी लिटल लायर्स’ सीझन ३, भाग १२: हुडीतला चेहरा दाखवायची नेमकी वेळ

आधीच सांगून ठेवतो, खुनी कोण आणि काळ्या हुडीत कोण हे दोन्ही इथे उघड केलं आहे. मालिका पाहायची असेल तर हे नंतर वाचा.

मालिका रोझवूड गावातल्या एमिली, स्पेन्सर, हॅना आणि एरिया या मैत्रिणींची आहे; त्यांची मैत्रीण अ‍ॅलिसन नाहीशी झाल्यावर ‘ए’ या नावाने कोणीतरी त्यांना धमक्या पाठवतं. एबीसी फॅमिली ही अमेरिकी वाहिनी ती दोन तुकड्यांत दाखवायची, जून ते ऑगस्ट आणि मग जानेवारी ते मार्च. त्यामुळे ऑगस्टअखेरच्या भागाची जबाबदारी विचित्र असते. प्रेक्षकाला काहीतरी ठोस मिळालं पाहिजे, पण मुख्य कोडं सुटता कामा नये, आणि मधल्या काही महिन्यांत त्याचं लक्षही उडता कामा नये. २८ ऑगस्ट २०१२ ला आलेला ‘द लेडी किलर’ ही कसरत सात सीझनमधल्या बाकी सगळ्या उन्हाळी शेवटांपेक्षा चांगली साधतो.

मागच्या सीझनच्या शेवटी, मार्च २०१२ मध्ये, या मुलींच्या शाळेतली मोना ‘ए’ असल्याचं उघड झालं होतं आणि त्याच रात्री एमिलीची प्रेयसी माया हिचा मृतदेह सापडला होता. म्हणजे तिसरा सीझन दोन प्रश्न घेऊन सुरू झाला: मायाला कोणी मारलं, आणि मोना रॅडली मनोरुग्णालयात बंद असताना धमक्या पाठवणारे तिचे साथीदार कोण? या भागात पहिला प्रश्न निकालात निघतो. मायाचा चुलतभाऊ म्हणून एमिलीच्या जवळ आलेला नेट प्रत्यक्षात लिंडन जेम्स आहे, ट्रू नॉर्थच्या शिबिरात मायाच्या मागे लागलेला आणि तिने नाकारल्यावर पिसाटलेला मुलगा. तो एमिलीच्या जवळच्या पेजला बांधून ठेवतो, एमिली जिवाच्या आकांताने दीपगृहाकडे पळते आणि वर झालेल्या झटापटीत त्याच्याच सुरीने त्याचा शेवट होतो. एमिली साकारणाऱ्या शे मिचेलने हा प्रसंग तोलून धरलाय. भीती, राग आणि आपण हे काय करून बसलो याचा धक्का, तिन्ही तिच्या चेहऱ्यावर वेगवेगळे वाचता येतात.

पण रहस्यकथा म्हणून हाच भागाचा कच्चा दुवा आहे. नेट याच सीझनमध्ये आला. मृत मुलीशी असलेलं नातं सोडलं तर त्याला कथेत दुसरं काही कामच दिलेलं नव्हतं. अशा पात्रावर सराईत प्रेक्षकाचा संशय पहिल्या दोन-तीन प्रसंगांतच जातो. त्यात त्याचं खरं नाव, ओळख, कारण आणि सूड हे सगळं एकाच दृश्यात त्याच्याच तोंडून वदवून घेतलंय. ट्रू नॉर्थमधला एखादा धागा चार-पाच भाग आधी हलकेच सोडून ठेवला असता, तर हाच उलगडा अंगावर आला असता. पेजवरच्या संशयाचंही तेच. मुलींना ती ‘ए’च्या टोळीतली वाटते आणि त्यात भागाचा बराच वेळ जातो, पण प्रेक्षकाला ते क्षणभरही खरं वाटत नाही.

आता शेवटचं मिनिट. ही मालिका नियमित पाहणाऱ्याला प्रत्येक भागाच्या शेवटची छोटी पुरवणी पाठ असते. काळे चामडी हातमोजे, काळी हुडी, काहीतरी कापणारे किंवा चिकटवणारे हात. चेहरा नाही, आवाज नाही. पहिल्या सीझनपासून प्रेक्षकाच्या डोळ्यांना सवय लागलीय की हे हात दिसले की भाग संपला, फारसं कळणार काही नाही. ‘द लेडी किलर’ नेमकी हीच सवय वापरतो. सगळा थरार उरकल्यावर, प्रेक्षक सैल बसलेला असताना, त्याच सवयीच्या जागी चेहरा दिसतो. आणि तो स्पेन्सरच्या प्रियकराचा, टोबीचा असतो.

टोबीच का, याचा हिशोब पक्का आहे. पहिल्या सीझनमध्ये अ‍ॅलिसनच्या खुनाचा खोटा आळ त्याच्यावर आला. पुढे स्पेन्सरशी स्क्रॅबल खेळत जमलेलं नातं, दुसऱ्या सीझनमध्ये त्याच्या सुरक्षिततेसाठी तिने त्याला तोडणं, असा दोन वर्षं साठवलेला विश्वास लेखकांच्या हाताशी होता. याच भागात ती दोघं पहिल्यांदा एकत्र रात्र घालवतात. त्यामुळे तो चेहरा दिसताच ती रात्र मागे जाऊन पुन्हा आठवावी लागते, आणि वेगळीच दिसते.

पहिल्या सीझनच्या उन्हाळी शेवटाशी ताडून पाहिलं की फरक कळतो. १० ऑगस्ट २०१० च्या भागात गाडी हॅनाला उडवते आणि पडदा पडतो. प्रश्न एवढाच, की ती वाचेल का? ३ जानेवारी २०११ ला मालिका परतली आणि उत्तर मिळालं: वाचली, पाय मोडला. ताण तिथेच ओसरला. टोबीच्या बाबतीत जिवाचा प्रश्नच नाही. आपल्याला माहीत आहे आणि स्पेन्सरला नाही, एवढंच. हा ताण पहिल्या दृश्यात मिटत नाही, उलट तो तिला जवळ घेतो तेव्हा तेव्हा वाढतो. २२ जानेवारी २०१३ च्या सोळाव्या भागात तिला कळेपर्यंत तो पुरतो. इतकीच लांबी योग्य होती. पुढच्या वर्षी एरियाचा प्रियकर एझ्रा याला याच पद्धतीने उघडं पाडलं, पण एरियाला सत्य कळायला विसावा भाग उजाडला. आठ भाग तोच एक ताण पुरवून वापरला आणि तो झिजला.

तिसऱ्याच सीझनच्या चोविसाव्या भागात टोबी स्पेन्सरला वाचवण्यासाठीच टोळीत शिरला होता असं ठरतं. ही माघार मला मान्य नाही. त्यामुळे बाराव्या भागाचा घाव उशिरा का होईना, बोथट होतो. टोबी साकारणाऱ्या कीगन अ‍ॅलनने मधले भाग इतक्या थंडपणे केलेत की हे स्पष्टीकरण त्याच्या अभिनयाशी जुळत नाही.

नव्याने पाहणाऱ्यांनी दुसऱ्या सीझनचा शेवटचा, पंचविसावा भाग आधी बघावा आणि मग तिसऱ्याचे बारा सलग. टोबी कामाच्या निमित्ताने रोझवूडबाहेर असतो तेव्हा त्या त्या भागाच्या शेवटी हातमोज्यांचं काय चाललंय ते जरूर बघा. बाराव्यानंतरचा भाग आगगाडीतला हॅलोवीन विशेष आहे, २३ ऑक्टोबर २०१२ चा. सणाचा जादा भाग समजून तो सोडू नका. एरियाला ज्या पेटीत कोंडतात तिच्यात पोलीस गॅरेटचं प्रेत असतं, आणि हे चुकलं तर पुढे त्याचं काय झालं याचा पत्ताच लागत नाही.